थोरल्या जावेची साक्ष

पिपलानीच्या त्या क्वार्टरमध्ये देवघराच्या भिंतीला लागून एक खुंटी होती, आणि त्या खुंटीवर एक काळा कोट लटकलेला असायचा. इंदुमतीला तो डोळ्यांसमोर नकोसा व्हायचा. "देवाच्या शेजारी काळं कशाला?" असं ती घरात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायची. पण काळ्या रंगाचं नुसतं निमित्त होतं. संक्रांतीला ती स्वतः काळी साडी नेसून, हलव्याचे दागिने घालून मिरवायची, तेव्हा देवांची काही तक्रार नसायची. खरं दुखणं त्या कोटाच्या खिशावर होतं. तिथे चकचकीत पट्टीवर नाव होतं, गौरी देशकर. देशकर तर इंदुमतीही होती, आणि गौरीच्या कितीतरी आधीपासून होती. पण दारावरची पाटी मनोहर देशकरांची, गॅसचं पुस्तक मनोहर देशकरांचं, आणि फडताळातल्या पितळी डब्यांवर नाव सासूबाईंचं. अकोल्याहून लग्न होऊन ती या भोपाळात आली, घर उभं केलं, मुलगा वाढवून पुण्याला नोकरीवर धाडला, आणि एवढ्या सगळ्यात तिचं नाव म्हणून कुठे कोरलं गेलं नव्हतं.

गौरी ही तिची धाकटी जाऊ, दिराची म्हणजे वसंतची बायको. रेल्वेत तिकीट तपासनीस. वसंत गोविंदपुऱ्यातल्या एका छोट्या कारखान्यात होता. तिथे ऑर्डर आली की काम, नाहीतर घरी. मनोहरांना कंपनीचं क्वार्टर होतं म्हणून दोघे भाऊ एकत्रच राहत. वसंतच्या सुट्ट्या वाढल्या तसा गौरीचा पगार घरात दिसू लागला, आणि पगाराबरोबर मानही.

सकाळी इंदुमतीने पोळ्या लाटाव्यात, गौरीचा डबा भरावा, आणि गौरीने बुटांना पॉलिश करून, केस घट्ट बांधून, तो कोट चढवून निघावं. मनोहर पेपर खाली ठेवून विचारायचे, "आज कुठली गाडी, गौरी?" इंदुमतीला मात्र त्यांनी जन्मात कधी विचारलं नव्हतं की आज कुठली भाजी.

गौरीची मुलगी जुई शाळेतून चित्र काढून आली, 'माझं घर'. मधोमध कोट घातलेली आई, आईच्या मागे लांबलचक आगगाडी, आणि कोपऱ्यात शेगडीच्या आडून अर्धं तोंड दिसणारी एक बाई.

"ही कोण गं?" इंदुमतीने विचारलं.

"तू, मोठी आई!"

"आणि माझं बाकीचं तोंड?"

"ते कुकरच्या मागे आहे ना."

इंदुमतीने ते चित्र स्वतःच्या हाताने फ्रिजवर लावलं. लेकरू तिच्याच हातचं जेवून मोठं होत होतं. पण फ्रिज उघडताना ती त्या चित्राकडे बघायची नाही.

तिचं स्वतःचं राज्य एकच होतं, पिपलानीतलं महिला भजनी मंडळ. तिथे ती अध्यक्षा. पेटी कोणी वाजवायची, प्रसादाला काय करायचं, कोणाच्या घरी कधी बसायचं, सगळं तिच्या शब्दावर. आणि गंमत अशी की घरात जिचं नाव निघालं की तिचे ओठ आवळले जात, त्याच गौरीची बढाई ती मंडळात मारायची. "आमची गौरी डब्यात शिरली की भलेभले पुढारी पाय खाली घेतात," असं ती टाळ पुसता पुसता सांगायची. मंडळातली सुधा ऐकायची आणि म्हणायची, "मग आम्हाला कधी फिरवणार तुमच्या गाडीतून?"

माघातली रथसप्तमी आली. महाराष्ट्रातून आलेल्या बायकांचं हळदीकुंकू त्या दिवशी संपतं, आणि नर्मदेच्या काठच्या लोकांची नर्मदा जयंती त्याच दिवशी असते. मंडळाने ठरवलं, सकाळी नर्मदापुरमला जाऊन सेठानी घाटावर स्नान करायचं, आणि परत येऊन संध्याकाळी इंदुमतीच्या घरी शेवटचं हळदीकुंकू.

आदल्या संध्याकाळी इंदुमतीने गौरीला विचारलं, "उद्या दुपारी तू कुठल्या गाडीवर आहेस?"

गौरीचा चेहरा खुलला. इतक्या वर्षांत वहिनींनी तिला ड्युटीबद्दल पहिल्यांदाच काही विचारलं होतं. तिने हौसेने सांगितलं, इटारसीहून येणारी दुपारची एक्सप्रेस, अमुक वाजता नर्मदापुरमला येते. "तुम्हाला घाटावर गर्दी लागेल हं, वहिनी. वाण मी आणून ठेवू का काही?"

"नको. आणलंय मी," इंदुमती म्हणाली.

स्नान छान झालं. सूर्याला अर्घ्य दिलं, पानाच्या द्रोणात दिवे सोडले, ओल्या साड्यांच्या पिशव्या जड झाल्या. पण स्टेशनवर आल्यावर सगळ्यांचे चेहरे उतरले. निम्मं भोपाळ नर्मदेवर लोटलं होतं. जनरलच्या डब्याच्या दारात माणसं लोंबत होती. 

"या गर्दीत कुठे शिरायचं गं बाई?" सुधा म्हणाली. "संध्याकाळचं हळदीकुंकू इथेच करावं लागतंय आता."

"जनरलमध्ये कशाला शिरायचं? स्लीपरमध्ये चढा," इंदुमती म्हणाली. "माझी जाऊ आहे या गाडीवर."

तिच्या मनात एक शब्द होता. रेल्वेच्या घरांत तो सगळ्यांना ठाऊक असतो. टीसी तिकीट विचारतो, समोरचा नुसतं म्हणतो, "स्टाफ." टीसी मान हलवतो आणि पुढे जातो. गौरीने कधीतरी जेवताना हसत हसत सांगितलं होतं की हल्ली ज्याच्या आत्याचा मेहुणा रेल्वेत, तोही स्टाफ म्हणतो. सगळे हसले होते. इंदुमती हसली नव्हती. तिला वाटलं होतं, एकदा तो शब्द आपल्या तोंडून निघावा, चार बायकांच्या देखत, आणि त्या कोटाने आपल्यापुढे मान हलवावी.

डब्यात जागा मिळाली. समोरच्या बाकावर दोन पोरगे पसरले होते. एक मरून रंगाच्या जॅकेटवाला, पाय समोरच्या सीटवर, मोबाईलवर गाणं मोठ्याने लावलेलं. दुसरा त्याच्या विनोदांना हसायला. गाडीने नर्मदेचा पूल ओलांडला. बायकांनी नाणी सोडून हात जोडले, आणि तेवढ्यात गौरी हातातला टॅब सावरत आली.

तिने आधी त्या पोरांना विचारलं. "टिकट दिखाइए."

मरून जॅकेटने पाय हलवले नाहीत. "पहले इन आंटियों से पूछो. ये भी अभी चढ़ी हैं. जनरल वाली हैं सब."

गौरी वळली. इंदुमतीवर नजर पडली तशी तिच्या चेहऱ्यावर आधी आनंद उमटला, घरचं माणूस दिसल्यावर उमटतो तसा. मग तिने सगळ्या बायकांकडे पाहिलं, ओल्या पिशव्यांकडे पाहिलं, आणि तो आनंद हळूहळू विझला.

इंदुमतीने पदर सारखा केला, सुधाकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "स्टाफ."

गौरीने टॅब नीट धरला. मग हलक्या आवाजात म्हणाली, "वहिनी, तिकीट दाखवा."

"अगं, मी आहे!"

"दिसतंय मला. जनरलचं तिकीट असेल ना? त्यावर इथे बसता येत नाही. फरक आणि दंड भरावा लागेल. सगळ्यांना."

"अच्छा!" मरून जॅकेट उठून बसला. "वहिनी? मतलब भाभी! घर के लोग हैं मैडम के. अब देखते हैं तमाशा."

गौरीने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तिने एकेकीची पावती केली. बायकांनी बटवे उघडले, रुमालाच्या गाठी सोडल्या. सुधा पैसे देता देता पुटपुटली, "पुढारी पाय खाली घेतात म्हणे."

इंदुमतीच्या कानशिलात रक्त चढलं. घाटावरच्या थंड पाण्याने आलेली शांती कुठल्या कुठे गेली. हिने मुद्दाम केलं, तिला वाटलं. चार बायकांत माझं नाक कापायला केलं. घरी माझ्या हातच्या पोळ्या खाते आणि इथे मला दंड ठोठावते!

"अब आपका," गौरी त्या पोराकडे वळली.

"हमको दिखाने के लिए घरवालों की पर्ची काटी, शाम को पैसे लौटा दोगी," तो म्हणाला. "ये ड्रामा कहीं और करना." आणि मग त्याने गौरीला एक शिवी दिली, बाईमाणसाला देतात तसली.

"ज़बान संभालिए. टिकट नहीं है तो बनवाइए, नहीं तो मैं फ़ोर्स बुलाती हूँ." 

त्याने तिच्या हातातला टॅब ओढला. गौरीने सोडला नाही. त्याने सरळ तिच्या गालावर चपराक मारली. डब्यात आवाज घुमला. गौरी हेलपाटली, पण टॅब परत घ्यायला तिने हात वर केला, त्याचा हात झटकला, तेव्हा त्याने तिला दोन्ही हातांनी ढकललं. वरच्या बर्थला चढायच्या लोखंडी शिडीवर तिचं कपाळ आपटलं.

सगळं इंदुमतीच्या समोर घडलं, हाताच्या अंतरावर. आणि चपराक वाजली त्या क्षणी इंदुमतीच्या मनात दोन शब्द आले. बरं झालं.

ते तिने आणले नव्हते. ते आपसूक आले, जसा उचकीचा आवाज येतो. मग गौरीच्या भुवईवरून रक्त ओघळून कोटावर सांडलं, काळ्यावर ते दिसलंसुद्धा नाही, फक्त तिथे ओलं चकाकलं. तरी ते दोन शब्द जाईनात. इंदुमती जागची हलली नाही. सुधा खिडकीबाहेर बघत मोठ्याने नामस्मरण करू लागली. दोन-चार जणांनी मोबाईल वर धरले. त्या दुसऱ्या पोरानेही.

गौरीने स्वतःच रुमाल कपाळाला दाबून फोन लावला. राणी कमलापती स्टेशनवर, जुन्या लोकांच्या भाषेत हबीबगंजला, रेल्वे पोलीस दारातच उभे होते. मरून जॅकेटला खाली उतरवलं. गौरीलाही उतरवून दवाखान्यात नेलं. जाताना तिने एकदा मागे वळून पाहिलं. मंडळाच्या बायका तोवर दुसऱ्या दाराने उतरून रिक्षांकडे लागल्या होत्या, आणि इंदुमती त्यांच्यात होती.

संध्याकाळी इंदुमतीने हळदीकुंकू केलं. बायका आल्या, तिळगूळ झाला, वाण लुटलं. कुंकू लावताना सुधाच्या कपाळावर ते ओघळलं. सुधाने पदराने टिपलं आणि म्हणाली, "आपण नव्हतोच त्या डब्यात. काय?"

इंदुमतीने मान हलवली. त्या दुपारी गौरीने हलवायला तिला हवी होती, तशीच.

गौरी टाके घेऊन घरी आली, आणि दुसऱ्या दिवसापासून क्वार्टरला जत्रेचं रूप आलं. कॉलनीतले लोक फळं घेऊन आले. जिने कधी इंदुमतीच्या गुडघेदुखीची चौकशी केली नाही ती शेजारीण गौरीसाठी शिरा करून घेऊन आली. रेल्वेतले सहकारी दंडाला काळ्या फिती बांधून आले, त्यांनी स्टेशनवर निदर्शनं केली होती. "हर गाड़ी में सुरक्षा बल चाहिए. रोज़ किसी न किसी को मार खानी पड़ती है, मैडम तो बोल सकीं, बाकी बोल भी नहीं पाते," त्यांच्यातला एक वयस्कर माणूस सांगत होता. एक नवी मुलगी होती, नुकतीच कामाला लागलेली. ती गौरीचा हात धरून बसली होती. पुढच्या आठवड्यापासून तिला गाडीवर जायचं होतं.

इंदुमती मोठ्या पातेल्यात चहा टाकत होती. मार खाऊनही हीच पुढे, तिच्या मनात आलं. मला ताप आला तर मनोहर म्हणतात, गोळी घे आणि वरण लाव.

मग व्हिडिओ आला. वसंतच्या फोनवर कोणीतरी पाठवला. त्यात चपराक नव्हती, शिवी नव्हती, ढकलणं नव्हतं. फक्त गौरीचा वर गेलेला हात आणि त्या पोराच्या हाताला बसलेला तिचा फटका. वर लिहिलेलं, टीसी मॅडमची गुंडगिरी, घरच्यांना फुकट, पब्लिकला मार.

त्यापाठोपाठ त्या पोराचा काका आला, मंडीदीपचा ठेकेदार, मिठाईचा मोठा खोका घेऊन. सोफ्यावर ऐसपैस बसला. "बच्चा है, बहनजी. खून गरम है. आप शिकायत वापस ले लो, हम भी नहीं लिखेंगे कि आपके रिश्तेदार बिना टिकट बैठे थे. नहीं तो जाँच होगी, नौकरी का मामला है."

"मी त्यांना दंड केला होता. पावत्या आहेत," गौरी म्हणाली, आणि मग तेच हिंदीत म्हणाली.

"पर्ची पे नाम थोड़े लिखा होता है," काका हसला. "और मारा किसने पहले, ये कौन बताएगा? है कोई?"

तो गेल्यावर वसंत म्हणाला, "मिटव ना, गौरी. ऑफिसातून तुलाच खुलासा मागितलाय. नोकरी गेली तर? माझं काय चाललंय ते बघतेस ना तू."

"मी मिटवलं तर तो उद्या पुढच्या गाडीत पुढच्या बाईला मारेल. ती परवा आली होती ना, माझा हात धरून बसलेली? तिला काय सांगू मी? मार खा आणि पेढे घे?"

"पण साक्षीदार कुठे आहे?"

"डब्यात माणसं होती. येत नाही कोणी."

मनोहरांनी चष्मा काढला. "आणि ते घरचे लोक कोण म्हणतोय तो? कोण होतं आपल्यातलं?"

चहाचा ट्रे घेऊन इंदुमती दारात उभी होती.

गौरीने तिच्याकडे पाहिलं नाही. "कोणी नाही, भाऊजी. ओळखीच्या बायका होत्या."

इंदुमती स्वयंपाकघरात परतली आणि ट्रे आपटला. तिला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट आतून असा भडका उठला की तिने गॅस बंद केला आणि ओट्याला धरून उभी राहिली. हेही हिनेच करायचं! नोकरी हिची, कोट हिचा, टाके हिचे, आणि आता माझी लाज झाकण्याचा मोठेपणाही हिचाच. उद्या हिची नोकरी गेली तर ही गप्प राहील, आणि मी आयुष्यभर हिच्या उपकाराखाली पोळ्या लाटीन. प्रत्येक पोळीला मला ते आठवेल. जुईला जेवू घालताना आठवेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पूजेला बसली. नर्मदेचं पाणी भरलेली तांब्याची लोटी समोर होती. तिने पळी उचलली आणि परत ठेवली. 'बरं झालं' हे शब्द तिथेही येऊन बसले होते, बाळकृष्णाच्या शेजारी. 

"देवा, ती मला आवडत नाही," ती पुटपुटली. "तुला माहीत आहे. पण तिचं देणं मला ठेवायचं नाही."

त्या दिवशी गौरीला रेल्वे पोलिसांनी जबाबासाठी बोलावलं होतं. ती तोच कोट चढवून वसंतबरोबर स्कूटरवरून गेली. मागून इंदुमतीने ठेवणीतली साडी नेसली, रिक्षा केली, राणी कमलापतीला उतरली, आधी खिडकीवर जाऊन प्लॅटफॉर्म तिकीट काढलं, ते मुठीत घट्ट धरलं आणि चौकी विचारत विचारत आत गेली.

आत फौजदार होता, गौरी आणि वसंत होते, तो काका होता, आणि मरून जॅकेटवाला आज पांढऱ्या शर्टात मान खाली घालून शहाण्या मुलासारखा बसला होता.

"वहिनी?" गौरी उठून उभी राहिली. "तुम्ही कशाला आलात? जा घरी."

"तू बस खाली," इंदुमती म्हणाली आणि फौजदाराकडे वळली. "साहब, मैं उस डिब्बे में थी. मेरे पास स्लीपर का टिकट नहीं था. जनरल का था."

वसंतने डोळे विस्फारले. काकाचं तोंड एकदम उजळलं. "देखा साहब? ख़ुद मान रही हैं! यही भाभी हैं."

"हाँ, मैं ही भाभी हूँ. इसने मेरी पर्ची काटी, सबके सामने. मेरी सहेलियों की भी. मुझे इतना ग़ुस्सा आया कि मैंने इससे बात नहीं की. पैसे मैंने अपने बटुवे से दिए, और इसने लौटाए नहीं. आज तक नहीं लौटाए."

फौजदाराने पेन उचललं. "फिर?"

"फिर इस लड़के ने गंदी गाली दी. गौरी के हाथ की मशीन खींची. पहले इसी लड़के ने मारा, गाल पर. मैं इतनी दूर थी, जितनी आप से हूँ. तब गौरी ने मशीन लेने को हाथ उठाया. फिर लड़के ने धक्का दिया और इसका सिर फूटा."

काका पुढे सरकला. "अरे साहब, देवरानी है इनकी! घर की औरत घर की औरत के लिए ही बोलेगी ना?"

फौजदारानेही पेन थांबवलं. "बात तो सही है, माताजी. आप तो इनके पक्ष में ही बोलेंगी."

इंदुमतीने श्वास घेतला. गौरीकडे पाहिलं, त्या टाक्यांकडे, त्या खिशावरच्या नावाकडे.

"मैं? इसके पक्ष में?" ती म्हणाली, आणि तिचा आवाज भजनात चढतो तसा चढला. "साहब, मेरी इससे बनती नहीं. पूरे पिपलानी में पूछ लीजिए. मैं इससे जलती हूँ. इसकी नौकरी से, इसके कोट से, सबसे. जब इसको थप्पड़ पड़ा ना, तो मेरे मन में आया कि अच्छा हुआ. लिखिए. ये भी लिखिए. ऐसी औरत इसके लिए झूठ बोलने आएगी? वो भी अपनी इज़्ज़त डुबोकर?"

वसंत छताकडे बघत होता. पांढऱ्या शर्टातल्या पोराने पहिल्यांदा मान वर केली आणि काकाकडे पाहिलं. फौजदार मान खाली घालून लिहू लागला. "नाम?"

"इंदुमती मनोहर देशकर. पूरा लिखिए."

आणि ते नाव कागदावर उमटताना ती वाकून बघत राहिली, एकेक अक्षर.

बाहेर पडताना एका शिपायाने गौरीला सलाम केला. "मैडम, चाय पीकर जाइए. बहुत हिम्मत की आपने."

स्टेशनबाहेर वसंत स्कूटर काढायला गेला, तेव्हा गौरी म्हणाली, "वहिनी, तुम्ही आज जे केलंत..."

"काही बोलू नकोस," इंदुमती म्हणाली. डोळे पुसायचं निमित्त करून तिने पदर तोंडावरून फिरवला. "साक्ष मी दिली, अब्रू माझी गेली, उद्या मंडळात सुधा मला पेटीलासुद्धा हात लावू देणार नाही. आणि तो मेला चहा विचारतो कोणाला? तर तुला."

गौरी हसली. कपाळाचे टाके ओढले गेले तशी कळवळली, आणि तरी हसतच राहिली.

"हस, हस," इंदुमती रिक्षाला हात करत म्हणाली. "आणि तो कोट घरी गेल्यावर मला दे. रक्ताचा डाग गार पाण्यात भिजवावा लागतो, तुला कुठलं ते ठाऊक असायला."